सांगेल तेवढंच दिसेल

१

जुना जालन्यात, धान्याच्या आडतींच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर राजानंद आणि त्याची धाकटी बहीण प्रीती भाड्याने राहत होते. राजानंद कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचा, प्रीती नर्सिंग संपवून सरकारी भरतीच्या परीक्षा देत होती. आईवडील आष्टीला. दर रविवारी दुपारची जेवणं उरकली की राजानंदचा मित्र सोमेश्वर आणि त्याची बायको शीतल मोटारसायकलवरून यायचे, प्रीती चहा टाकायची, टेबलावर फासे पडायचे, आणि ही चार शिकलीसवरली माणसं अंधार पडेपर्यंत एका खोट्या जगात राहून यायची. सुट्टीच्या दिवशी खाली पडून असलेल्या हमालांना वाटायचं वर जुगार चालतो. शीतल म्हणायची, जुगार असता तर निदान सासूला समजावून तरी सांगता आलं असतं.

खेळ तसा सोपा. एकजण जग सांगतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात. खेळणाऱ्याने विचारायचं, "मला काय दिसतं?" आणि सांगणाऱ्याने सांगायचं. तो सांगेल तेवढंच तिथं असतं. न सांगितलेलं नसतं. सांगणारा कायम राजानंद, कारण त्याचा आवाज बरा होता आणि त्याला बोलायची हौसही दांडगी. एकदा बोललेला शब्द मागं घ्यायचा नाही, हा या टेबलाचा कायदा.

किल्ले, तलवारी आणि आग ओकणारे प्राणी यांचा चौघांनाही वीट आला होता. त्यांच्या जगात फक्त एक मुसाफिरखाना होता, ओसाड रस्त्यावरचा, आणि तिथं नद्या मुक्कामाला यायच्या. पायी चालत, दमूनभागून, बायाबापड्यांसारख्या. ही कल्पना प्रीतीची. टँकरमागं धावत वाढलेल्या पोरीला दुसरं सुचणार काय, असं सोमेश्वर चिडवायचा. प्रीतीचं पात्र होतं रांजणवाली. आलेल्या नदीचे पाय धुवायचे, हे तिचं काम.

आणखी दोन रिवाज होते, ते इथंच सांगून टाकतो. चौघांपैकी एकालाही नकाशा धड काढता येत नव्हता, म्हणून ज्या घरात बसायचे तेच घर नकाशा. मुसाफिरखान्याची ओसरी म्हणजे राजानंदचा हॉल, कोठार म्हणजे त्याचं स्वयंपाकघर. आणि दुसरा रिवाज असा, की एखादा आला नाही तर त्याच्या पात्राला कुठंतरी झोपवून ठेवायचं. नसलेल्याच्या वतीने कुणी काही ठरवायचं नाही. चांगलाच रिवाज होता तो.

अडचण एकच होती. खेळाच्या मूळ पुस्तकात सगळी मारामारीच. पाहुणचाराला नियम नाहीत, नद्यांना तर नाहीतच. मग मूळ कंपनीची नव्हेत अशी, बाहेरच्या लोकांनी आपल्या हौसेनं काढलेली सोर्सबुकं, म्हणजे जोडनियमांची पुस्तकं, इंटरनेटवर धुंडाळायची, त्यातली पटतील ती घ्यायची आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल करून आणायची. श्रावणात तीन पुस्तकं निवडीला आली. एक पाण्याचं आणि हवेचं, एक बाजाराचं आणि एक घरांचं.

"पाण्याचंच घे न दादा," प्रीती म्हणाली. "आपल्या नद्यांना काही तरी मिळू दे बिचाऱ्यांना."

"बाजाराचं घ्या," सोमेश्वर म्हणाला. "सौदा करायला मजा येती."

राजानंदने घरांचं घेतलं. त्यात दर बैठकीला घराला एक नवी खोली फुटायची, आणि खोल्या वाढवणं त्याला सोपं वाटलं. प्रीतीने गाल फुगवले आणि चहा टाकायला उठून गेली.

२

पुढच्या रविवारी प्रीती नव्हती. तिची परीक्षा संभाजीनगरला होती, आणि ती सकाळच्या गाडीने गेली होती. संध्याकाळी परत येणार होती.

तिघंच बसले. राजानंदने नवं पुस्तक उघडलं, शीतलने दिशेसाठी फासा टाकला. पश्चिम आली.

"पश्चिमेला खोली फुटली," राजानंद म्हणाला.

तिघांनीही हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं. तिथं बियाण्याच्या दुकानातून आलेलं कॅलेंडर होतं, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या आडत्याचं दोन मजले उंच गोदाम. ज्वारीची पोती छताला टेकलेली.

"कशी हाय खोली?" सोमेश्वरने विचारलं.

राजानंदने पान पाहिलं. बाकीच्या खोल्यांना पानभर वर्णन होतं. फळ्या, कोनाडे, जुने वास, काय काय. या खोलीला एक रिकामा चौकोन होता आणि खाली इंग्रजीत एकच ओळ. ती त्याने मराठीत वाचली. "एक खोली आहे. खिडकी नाही."

"आन् दार?"

"दार दिलेलं नाही."

"छपाईत राह्यलं असंल," शीतल म्हणाली. "आन् भाऊजी, प्रीतीच्या रांजणवालीचं काय? ओसरीत झोपवली तर सारखी पायात येती."

"मंग टाक की नव्या खोलीत," सोमेश्वर हसत म्हणाला. "आरामात झोपू दे पोरीला. दार न्हाई म्हणल्यावर कोणी उठवायला बी जात न्हाई."

सगळे हसले. राजानंदही हसला, आणि आपला सांगण्याचा आवाज लावून म्हणाला, "रांजणवाली पश्चिमेच्या खोलीत झोपली आहे."

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. जड काहीतरी जागेवर बसावं तसा. शीतलने कॅलेंडरकडे पाहिलं. सोमेश्वर म्हणाला, पोतं घसरलं असंल. घसरलंही असेल. पण रविवारी आडत बंद असते, हे राजानंदच्या मनात येऊन गेलं. मग पुढचा फासा पडला आणि तो विसरला.

३

संध्याकाळी प्रीती आली नाही. राजानंदने फोन लावला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही असं एक बाई गोड आवाजात सांगू लागली. त्याने पुन्हा लावला. मग पुन्हा. मग सोमेश्वरला लावला.

"प्रीती अजून आली नाही रे."

"कोण?"

"प्रीती."

"रांजणवाली व्हय?" सोमेश्वर हसला. "तिला तर आपण झोपवली की."

"चेष्टा पुरे. माझी बहीण संभाजीनगरहून आली नाही, म्हणतोय मी."

सोमेश्वरने अगदी मऊ आवाजात विचारलं, "राजा, तू बरा हाईस न?"

राजानंदने फोन ठेवला आणि प्रीतीच्या खोलीचं दार उघडलं. तिथं त्याचीच पुस्तकं होती. तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे, जुना टेबलफॅन, कोपऱ्यात गुंडाळलेली गादी. पलंग नव्हता. धूळ मात्र नीट जुनी होती. चपलांच्या रॅकवर फक्त पुरुषी चपला. त्याने आष्टीला आईला फोन लावला. चांगुणाबाईंचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही अशी त्यांची पक्की समजूत.

"माय, प्रीती तिकडं आलीय का?"

"कोण रं बाबा ती?" आईच्या आवाजात आनंदच भरून आला. "जमलं का काय तुझं? सांग की मंग, लाजतो कशाला! बापाला उठवू का?"

"माय, आपली प्रीती. माझी बहीण."

आता आईचा आवाज खाली आला. इतका खाली त्याने तो कधी ऐकला नव्हता.

"लेकरा, जेवला का तू? तुझ्या पाठीवर कोणी झालंच न्हाई. किती रडले मी त्याच्यापायी, ठावं हाय न तुला. मंग असं कशाला बोलून राह्यला?"

४

राजानंद काही हवेत उडणारा माणूस नव्हता. त्याने नीट विचार केला. एक तर सगळं जालना आणि सगळी आष्टी खोटं बोलतेय, नाही तर आपलं डोकं फिरलंय. यातलं दुसरंच संभवतं, हे त्याला कळत होतं. त्याने एका डॉक्टरांचा नंबरही मिळवला. पोलिसांत जायचं तर काय घेऊन जायचं? फोटो नाही, कागद नाही, आईसुद्धा नाही. सोमेश्वर येऊन बसून गेला. रांजणवालीचं पात्र पहिल्यापासून तूच चालवतोस, असं त्याने समजावलं, आणि मानसोपचारतज्ज्ञ असल्यासारखी पाठ थोपटून गेला. राजानंदला ते पटत आलं होतं. खरं सांगायचं तर त्याला ते पटावं असंच वाटत होतं. वेडं असणं परवडलं.

पण प्रीती लहानपणी तापाने फणफणली तेव्हा तिला पाठुंगळी घेऊन आपण दवाखान्यात पळालो होतो, तिच्या कपाळाचा चटका मानेला बसत होता, हे त्याला आठवत होतं. मानेला आठवत होतं. ते कसं खोडायचं?

आठवड्याच्या मध्यावर, कॉलेजातून येऊन तो बूट काढत होता. बाहेर लख्ख ऊन, खाली हमालांची आरडाओरड. आणि भिंतीतून, कॅलेंडरच्या मागून, झोपेने जड झालेला आवाज आला.

"दादा? उठले रे मी. मला काय दिसतं?"

त्याच्या हातातला बूट खाली पडला. तो भिंतीला जाऊन चिकटला. भिंत थंड होती आणि तिच्यात ज्वारीचा वास होता. त्याने हाक मारली, थापा मारल्या, रडला. धावत खाली जाऊन आडत्याकडून गोदाम उघडून घेतलं. छतापर्यंत पोती. एका पोत्यामागं दुसरं पोतं आणि शेवटी भिंत. आडत्या त्याच्याकडे पाहत राहिला.

तो वर आला तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. "दादा, कुठं गेल्तास? काहीच दिसत न्हाई मला. अंधार बी न्हाई. तू सांग न काही."

"दिवा आहे," राजानंद घाईघाईने म्हणाला. "तुझ्या उजव्या हाताला दिवा आहे."

"न्हाई रे. हात फिरवला मी. काहीच न्हाई."

"तू उठून बाहेर आलीस. तू हॉलमध्ये आहेस. माझ्याजवळ."

"न्हाई, दादा."

त्याने ते घरांचं पुस्तक उघडलं, कुठल्याशा दुसऱ्या खोलीच्या वर्णनातली एक ओळ काढली आणि वाचली. "जमिनीवर गवताची चटई अंथरलेली आहे."

भिंतीपलीकडे काहीतरी सळसळलं. प्रीतीने सुस्कारा सोडला. "हां. चटई हाय. बसले बघ."

५

त्या दिवसापासून राजानंदला एकच काम उरलं. पुस्तकं निवडायची. आपल्या पदरचं सांगून तिथं काही होत नव्हतं. तिने विचारावं आणि त्याने वाचावं; कुणीतरी छापलेलं असेल तेच तिथं यायचं. कॉलेजात तो रजा टाकून बसला. दिवसभर इंटरनेटवर लोकांनी काढलेली सोर्सबुकं चाळायची, नमुन्याची पानं वाचायची, घेतलेल्यांनी काय लिहिलंय ते पाहायचं. हरेक पुस्तकाला त्याच्या कर्त्याचा स्वभाव असतो, हे त्याला आता नीट कळलं. एकाच्या पुस्तकात भाकरी होती, पण ती खाणाऱ्याला भूक वाढायची. ते त्याने बाजूला ठेवलं. एकाचं पांघरूण फार मायेचं होतं, पण अंगावर घेतलं की नाव विसरायला व्हायचं. तेही नको. दुकानातून कपडे घ्यावेत तशी नव्हती ही निवड. प्रत्येक पानामागं आपल्या बहिणीचा जीव टांगलाय, हे जाणून तो वाचायचा, आणि वाचून वाचून त्याचे डोळे सुजायचे.

पाण्याचं पुस्तक त्याने सगळ्यात आधी आणलं. प्रीतीने मागितलेलं. त्यातून एक लहानशी नदी खोलीत येऊन बसली. प्रीती हसली, कितीतरी दिवसांनी.

"दमून आलीय रे बिचारी. पाय धुवून राह्यले तिचे. दादा, तेव्हाच हे घेतलं असतं तर..." आणि तिने वाक्य पुरं केलं नाही. राजानंद भिंतीला टेकून बसला आणि त्याला हुंदका आवरला नाही.

मग दिवा. दिव्यांवरचं एक साधंसुधं पुस्तक होतं, कुणा म्हाताऱ्याने काढलेलं असावं असं. त्याने वात, तेल, ज्योत असं सगळं वाचून दाखवलं.

"लागला," प्रीती म्हणाली. "बरं वाटलं बघ." मग थोड्या वेळाने, "दादा, ज्योत वाकडी हाय."

"कशी?"

"कोपऱ्याकडं वाकून राह्यली. मी हिकडं बसले तर बी कोपऱ्याकडं. तिकडं जाऊन बसले तर बी त्याच कोपऱ्याकडं."

राजानंदने पान उलटलं. पाठीमागं बारीक अक्षरात एक ओळ होती, त्याने न वाचलेली. या दिव्याची ज्योत खोलीतल्या जिवंत माणसाकडे झुकते.

"वारा असेल गं."

"वारा तू सांगितलाच न्हाईस, दादा."

मग प्रीतीने हळूच विचारलं, "त्या कोपऱ्यात मला काय दिसतं?"

त्याने सगळी पुस्तकं पुन्हा चाळली. त्याच्याकडच्या एकाही पुस्तकात त्या कोपऱ्यातलं काही लिहिलेलं नव्हतं, आणि तिथं जे होतं ते कुणाच्या सांगण्यावाचूनच आलेलं होतं.

६

आता दार हवं होतं. अगदी लगेच. राजानंद जेवला नाही, झोपला नाही, सोमेश्वरच्या फोनांना त्याने उत्तर दिलं नाही. दारांची सोर्सबुकं निघाली भरपूर, पण एक दार फक्त आत उघडायचं, एक दुसऱ्याच्या स्वप्नात उघडायचं, एकाला किल्ली म्हणून बोट द्यावं लागायचं. शेवटी एक लहानसं पुस्तक सापडलं. त्यातलं दार लाकडी, साधं, किंमत काही नाही, अट काही नाही. दाराखाली लिहिलं होतं: हे उघडणाऱ्याचं माणूस पलीकडे त्याची वाट पाहत बसलेलं असतं.

ते वाचून राजानंदला रडू कोसळलं. तिचं माणूस म्हणजे मीच की, दुसरं कोण आहे या जगात? आई विसरली, बाप विसरला. वाट पाहत बसलोय तो मी एकटा. त्याने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचलं. कुठं बारीक अक्षरं नव्हती. मागच्या बाजूलाही काही नव्हतं. त्याने ते छापून आणलं, आणि भर दुपारी, खाली पोती उतरवणाऱ्या गाड्यांचा गोंगाट चालू असताना, प्रीतीने "मला काय दिसतं?" विचारताच टेबलापाशी बसून ते भिंतीला वाचून दाखवलं.

"दादा!" प्रीती ओरडली. "दार हाय! खरंच दार हाय!"

"उघड."

"कोपऱ्यातलं उठलंय दादा."

"उघड, प्रीती! मागं पाहू नकोस."

कॅलेंडर हललं. खालची कड वर उचलली गेली, आणि तिच्याबरोबर चुन्याचा पोपडा, आणि त्यामागं भिंत, टीचभर. त्या फटीत उजेड नव्हता, अंधारही नव्हता. पण त्या फटीच्या कडेवर बोटं आली. अर्धवट निघालेलं गुलाबी नेलपॉलिश. प्रीतीच्या डोक्याच्या तेलाचा वास हॉलभर आला. राजानंद खुर्ची लोटून उठला, धावला, हात पुढं केला, आणि त्याचा हात कॅलेंडरवर आपटला. महिन्याच्या तारखा. त्यामागं थंड, सपाट भिंत.

आणि तिचा आवाज त्याच्या पाठीमागून आला. टेबलाकडून.

"अय्या! तू हितंच बसलास होय रे? मी तिकडं हाका मारून मेले."

राजानंद वळला. टेबल होतं, फासे होते, खुर्च्या होत्या. कुणी नव्हतं.

"प्रीती, मी इथं आहे. भिंतीपाशी."

"किती वाळलास!" ती म्हणत होती, त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बोलल्यासारखी. "काही खाल्लंस का न्हाई इतके दिवस? आन् डोळे तर बघ कसे झालेत."

"तो मी नाही! प्रीती, माझ्याकडं बघ. हॉलमध्ये कुणीही नाही. खुर्ची रिकामी आहे. ऐकतेस ना? रिकामी आहे!" तो बोलत सुटला, मूळ पुस्तक, घरांचं पुस्तक, दाराचं पुस्तक, हाताला येईल ते पान वाचत सुटला. पण तिने त्याला काही विचारलंच नव्हतं, आणि न विचारलेलं सांगणं हे नुसतं बोलणं असतं. ते कुठंच पोचत नाही.

टेबलाजवळची एक खुर्ची कुरकुरली. कुणीतरी दमलेलं माणूस मायेच्या माणसाजवळ सरकून बसावं तसा आवाज. प्रीती निवांत झाली होती. तिच्या आवाजातलं सगळं भय गेलं होतं, आणि तेच राजानंदला सोसेना.

"सांग आता," ती म्हणाली. "मला काय दिसतं?"

राजानंदने तोंड उघडलं. पण त्याच्याआधी त्याच्या खुर्चीवरून कुणीतरी घसा खाकरला आणि त्याच्याच आवाजात, सावकाश, मन लावून, सांगायला लागलं. हॉल सांगितला. टेबल सांगितलं, खिडकीतलं ऊन सांगितलं, खालच्या गाड्या सांगितल्या. बहीण सांगितली, आणि तिच्यासमोर बसलेला भाऊ सांगितला. फार सुंदर सांगत होतं ते.

भिंतीला टेकून राजानंदने ते अगदी शेवटपर्यंत ऐकलं. त्यात भिंतीपाशी कुणी उभं असल्याचं कुठंच आलं नाही.